मरीयेचा बाळंतविडा

१ डिसेंबर, रविवार

ही डायरी कपाटावर उघडीच पडलेली असेल. ज्याला वाचायची त्यानं वाचावी, मी काही लपवून करत नाही.

आज टाकाळ्याजवळच्या चर्चमध्ये गेले होते. देव बघायला नव्हे, लेक बघायला. सईनं गेल्या वर्षी मोहितशी कोर्टात लग्न केलं. मोहित ख्रिश्चन. मुलगा बरा की वाईट ते मला सांगता येणार नाही, कारण यांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला. तेव्हापासून या घरात सईचं नाव निघत नाही. तिनंही फोन नंबर बदलला. शेवटी माझीच मुलगी, वाकायची नाही. मोहितची माणसं टाकाळ्याच्या चर्चला जातात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून गेले.

पायरीवर चपला काढल्या. आत जाऊन बघते तर सगळे चपला-बूट घालून बसलेले. बाहेर माझ्या एकटीचा जोड. उपासना संपेपर्यंत माझा अर्धा जीव त्या चपलांत होता. समोर नुसता लाकडी क्रूस, त्यावर कुणी नाही. नमस्कार करायचा तर कुणाकडं बघून करायचा? गाणी मात्र पेटी-तबल्यावर. चाल आपल्या भजनाची आणि नाव त्यांच्या देवाचं, हे मला पटलं नाही. तबलजीचा हात चांगला होता, ते कबूल करते.

सई दिसली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हाताऱ्या, विमलाबाई. चर्चची झाडलोट, फुलं, चाव्या सगळं त्यांच्याकडं. निघताना त्यांनी हात पुढं करून "सलाम" म्हटलं. त्यांच्यात असंच म्हणतात. मी हात जोडून नमस्कार म्हटलं. परत या म्हणाल्या. मी म्हटलं, बघू.

५ डिसेंबर, गुरुवार

आज धाकटे दीर कृष्णात शाहूवाडीहून आले, माझ्या पोरासाठी, आदर्शसाठी स्थळ घेऊन. मुलगी पूर्णिमा, नेसरीची, बँकेत नोकरीला. आदर्श कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर. दोघांचं फोनवर बोलणं झालंय आणि आदर्शला मुलगी फार पसंत आहे, हे त्याच्या भांग पाडण्यावरूनच कळतं. नेसरीचे पावणे पंचवीस तारखेला घर बघायला येणार. नाताळची सुट्टी, सगळ्यांना सोयीचं.

इथवर ठीक होतं. मग भावजी म्हणाले, "पावण्यास्नी मी एकुलता एक पोरगा म्हणून सांगितलंय. वैनी, तेवढं ध्येनात ठेवा."

मी विचारलं, एकुलता एक कसा? सई काय झाडाला लागली होती? तर म्हणाले, लग्न होईस्तोवर, मग सांगू की. हे पेपर वाचत होते. तो पेपर कालचा होता. आदर्श मोबाईलमध्ये. तीन पुरुषांनी बसल्या जागी माझी एक लेक कमी केली आणि चहा प्यायले.

ते गेल्यावर यांना सांगितलं, रविवारी मी चर्चला गेले होते आणि या रविवारी पण जाणार. यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "गेलीस तर गेलीस. गल्लीत सांगत सुटू नको." मी म्हटलं, सांगत सुटणार नाही, पण विचारलं तर सांगणार.

८ डिसेंबर, रविवार

आज पाळकांनी गोष्ट वाचली. मरीया पोटुशी, दिवस भरलेले. सरकारचा हुकूम आला म्हणून नवऱ्याबरोबर परगावी निघाली. तिथं कुणी जागा देईना. गोठ्यात बाळंत झाली आणि बाळ गव्हाणीत ठेवलं.

सगळे डोळे मिटून शांत ऐकत होते. मला कसले डोळे मिटतात. पहिलटकरीण पोरगी, दिवस भरलेली, आणि सोबत बाईमाणूस एक नाही? आपल्यात सातव्यातच मुलीला माहेरी आणतात. उपासना झाल्यावर मी सरळ पाळकांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तिची आई कुठं होती?

पाळक तरुण आहेत. त्यांनी विचार केला, पुस्तक चाळलं. म्हणाले, शुभवर्तमानात तिच्या आईचा उल्लेख नाही. मी म्हटलं, उल्लेख नसला म्हणून आई नव्हती का? जिवंत होती की मेली होती? का रुसून घरी बसली होती? शरम वाटायला पाहिजे त्या बाईला. माझा आवाज जरा चढला असावा, कारण तबलजी पण वळून बघायला लागला.

विमलाबाई मला बाहेर घेऊन आल्या. पाणी दिलं. मग मी कुणाची आई ते मी न सांगताच त्यांनी ओळखलं. सई दिवाळीपर्यंत दर रविवारी इथं यायची म्हणे. मग त्या हळूच म्हणाल्या, "ताई, पोटुशी हाय ती. नववा लागंल आता. नाताळला येणार म्हनली हाय."

मला कुणी सांगितलं नाही. नववा लागेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

घरभर डिंकाचा वास आहे. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं किसलं. अळिवाचे लाडू वेगळे. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, दोन अंगडी, टोपडं, आणि कुंची. कुंचीला झालर लावताना बोटाला सुई टोचली. बाळंतशेपा आणि ओव्याची पुडी बांधली. बाळंतविडा पुरा झाला. नाताळला सई चर्चमध्ये येईल तेव्हा तिच्या हातात देणार, आणि काय बोलायचं ते तेव्हा बघणार.

हे स्वयंपाकघरात आले, परातीकडं बघितलं. कुणासाठी, असं विचारलं नाही. एक लाडू उचलून खाल्ला आणि डिंक जरा कमी तळलाय म्हणाले. नाव घ्यायचं नाही, पण खोड मात्र काढायची.

१५ डिसेंबर, रविवार

सई नाताळला येणार नाही. मोहितच्या बहिणीनं तिला पुण्याला नेलं, बाळंतपण तिथंच करणार. विमलाबाई म्हणाल्या, नंबर देऊ का? मी नको म्हटलं. तिनं आधी फोन करावा, मी आई आहे.

म्हणजे आता मला त्या चर्चमध्ये जायचं काही कारण उरलं नाही. बरं झालं. रविवारी सकाळी कपडे तरी भिजवता येतील.

आजची गोष्ट तेवढी लिहून ठेवते. पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे ज्योतिषी, तारा बघत बघत बाळाला शोधत आले. त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिला. सोनं ठीक. ऊद तर लागतोच, बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायला. गंधरस कशाला ते कळेना, म्हणून विमलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मढ्याला लावायला आणतात.

माझ्या अंगावर काटा आला. बाळाच्या उशाशी मढ्याचं सामान? मी म्हटलं, तिनं घेतलंच कसं, त्यांच्या तोंडावर नाही मारलं? विमलाबाई म्हणाल्या, त्याचं मरण ठरलेलंच होतं. जन्मायच्या आधीपासून.

"त्याला ठावं हुतं?" मी विचारलं.

"व्हय."

"आनि तरीबी आला?"

"तरीबी आला की."

मग मी घरी आले. बसमध्ये तिकीट काढायचं विसरले, कंडक्टर ओरडला.

१८ डिसेंबर, बुधवार

चर्चला गेले नव्हते. गव्हाणीसाठी भाताचं पिंजर, वाळला पेंढा, द्यायला गेले होते. रविवारी त्या लोकांचा गोठा बघितला होता, नाताळसाठी मांडत होते. बाळाखाली कापूस आणि चकचकीत कागद. गव्हाणीत कागद कोण घालतं? माझं सासर-माहेर दोन्ही शाहूवाडीचं, भाताचं पिंजर कसं असतं हे मला काय सांगायचं. भावजींच्या गाडीतून आलेल्या तांदळाच्या पोत्यांबरोबर पिंजर होतंच. पेंढी बांधली, बसनं नेली, लोक बघत होते. बघू देत.

विमलाबाईंनी कागद काढला, मी पिंजर झटकून नीट अंथरलं. मरीयेची मूर्ती मातीची, निळ्या पदराची. वयानं पोरगीच दिसते. आम्ही दोघी काम करत होतो तोवर चर्चमध्ये दुसरं कुणी नव्हतं. विमलाबाई फुलदाणी धुवायला गेल्या तेव्हा मी तिथं बसले, मांडी घालून, फरशीवर. काही मागितलं नाही. मागायला गेले नव्हतेच. तो क्रूस वर होता आणि बाळ खाली. मी आधी बाळाकडं बघितलं, मग वर बघितलं, आणि मला एकदम रडू आलं. डिंकाच्या धुरानं गेल्या आठवड्यापासून डोळे खराब झालेत.

२२ डिसेंबर, रविवार

गेले होते. कारण काही नव्हतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

उद्या अकरा वाजता पावणे येणार. उपासना साडेआठची आहे. मी सगळं सांगून टाकलं. पुरणाची तयारी आजच करते, तांबडा-पांढरा रस्सा भावजींच्या बायकोनं बघावा, मी अकराच्या आत घरी येते.

भावजी बायकोला घेऊन मुक्कामालाच आलेत. ते भडकले. म्हणाले, सई न्हाय तिथं, मग काय काम हाय तुझं तिथं? ते मला कधी "तू" म्हणत नाहीत. मी पुरणाची डाळ निवडत राहिले. काम नसलं म्हणून जायचं रद्द होत नाही, तेवढंच मला ठाऊक आहे.

मग आदर्श आला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "आई, एकच दिस. एवढा एक दिस आमच्यासारखी ऱ्हा." लहानपणी जत्रेत फुगा मागायचा त्याच आवाजात. मी त्याला म्हटलं, मी कुणासारखी राहत होते इतकी वर्षं? तो उठून गेला.

मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते. पोराचं लग्न माझ्यामुळं मोडलं तर जन्मभर ऐकावं लागेल, आणि ऐकवणारी मीच पहिली असेन. तरी पण जाणार. येशूचा वाढदिवस आहे. मला बोलावलंय की नाही याची वाट बघत बसले असते तर मागी लोक पण पोचले नसते.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

सगळं क्रमानं लिहिते.

नवी साडी नेसले, जरीची. बाळंतविड्याचं गाठोडं घेतलं आणि पुढच्या दारानं निघाले. गल्लीच्या तोंडाशी जोशीकाकूंनी विचारलं, एवढ्या सकाळी नटून कुठं? म्हटलं, चर्चला. त्यांच्या हातातली दुधाची पिशवी तशीच राहिली.

चर्च भरलेलं होतं, बाहेर मांडव घातलेला. मी गोठ्यापाशी गेले आणि गाठोडं सोडलं. लाडूचे डबे, दुपटी, अंगडी, कुंची सगळं मरीयेसमोर मांडलं. तिला हळदीकुंकू लावायला हात गेला होता, तो मागं घेतला. मग वाटलं, का मागं घ्यायचा? ओटीतलं थोडं कुंकू होतं ते पिंजरावर ठेवलं. विमलाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, ताई, हे पुण्याला सईकडं पाठवू या का, ओळखीचं माणूस जाणार हाय. मी म्हटलं, "सईला दुसरा करीन. ह्यो हिचा हाय. हिच्या आईनं आनला न्हाय, म्हणून मी आनलाय."

गाणं सुरू झालं तेव्हा सगळे उभे राहिले. मी उभी राहिले नाही. मला उभं राहून नमस्कार करता येत नाही. मी जमिनीला डोकं टेकलं. गाण्याची किती कडवी झाली ठाऊक नाही, मी तशीच होते. लोक बघत असतील. मी त्याला म्हटलं, मला तुझं काही कळत नाही, तुझी गाणी पण नीट येत नाहीत, पण तू आलास ते बरं केलंस. मी आता तुझी. एवढंच बोलले. दुसरं सुचलं नाही.

नंतर पाळक येऊन म्हणाले, कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या खोपीत एक बाई परवाच बाळंत झाली आहे, हे तिला नेऊन देऊ का? मी म्हटलं, मला काय विचारता, ज्यांचं आहे त्यांना विचारा. तेही खरंच गोठ्याकडं वळून थोडा वेळ उभे राहिले आणि मग मला येऊन सांगितलं, हो म्हणाले.

घरी पोचायला उशीर झाला. पावणे येऊन बसले होते. मुलीचे वडील, दोन काका आणि आजी बाळाबाई, डोक्यावरून पदर, नजर अशी की भिंतीच्या आतलं दिसावं. मी आत जाऊन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. बाळाबाईंनी विचारलं, ईनबाई कुठं गेलत्या पावणं यायच्या दिवशी?

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, अंबाबाईला गेलती. चटकन म्हणाले, सहज. त्यांच्या परीनं मला वाचवलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आदर्श जमिनीकडं बघत होता. भावजी हसत होते. ट्रे माझ्या हातात होता.

मी ट्रे खाली ठेवला. "न्हाय," म्हटलं. "अंबाबाईला न्हाय. चर्चला गेलते. येशूच्या पाया पडून आले."

बाळाबाईंनी विचारलं, "का बरं?"

"बाळ झालंय त्यांच्यात," मी म्हटलं. "बघायला गेलते. हिथनं फुडं दरसाल जाणार, आनि दर रविवारीबी. आनि अजून एक सांगतो. आदर्श एकुलता एक न्हाय. त्याला थोरली भन हाय. सई तिचं नाव. तिला आम्ही ख्रिश्चन पोराला दिली न्हाय, ती गेली. पुण्यात बाळातपनाला हाय, आनि मी तिची आई हिथं चा देत उभी हाय."

पावण्यांनी चहा घेतला. अर्धा. जेवण घेतलं नाही. कळवतो म्हणाले. बाळाबाई जाताना माझ्यासमोर थांबल्या, माझ्या कपाळाकडं बघितलं, तिथं फरशीची धूळ लागलेली असावी, आणि गेल्या.

आदर्श गाडी काढून निघून गेला. भावजी जे बोलले ते लिहीत नाही. हे गॅलरीत बसले होते. मी विमलाबाईंना फोन केला आणि सईचा नंबर घेतला. लावला. तिनं उचलला. हॅलो म्हणाली. मी म्हटलं, "आई बोलतोय." मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही, पण फोन कुणी ठेवला नाही.

२९ डिसेंबर, रविवार

नेसरीचा नकार आला. कृष्णातभावजींनी फोनवर सांगितलं, वैनीच्या चर्चमुळं मोडलं, आता समाजात तोंड दाखवायला जागा न्हाय. मी रस्सा ढवळत ऐकलं. वाईट वाटलं. आदर्शसाठी फार वाईट वाटलं. पण मी जे बोलले त्यातला एक शब्द परत घ्यायला कुणी सांगितलं तर मी घेणार नाही, कारण एकही खोटा नव्हता.

आदर्श माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो, माझ्याकडं बघत नाही. रागवू दे. त्याचा हक्क आहे. मात्र नेसरीहून त्याला रोज कुणाचा तरी फोन येतो आणि तो गच्चीवर जाऊन बोलतो. नकार आल्यावर आता कसलं बोलणं, मला कळत नाही.

चर्चला गेले होते. आल्यावर यांनी विचारलं, आज गर्दी होती का? मी होती म्हटलं.

५ जानेवारी, रविवार

डायरीची पानं संपली, मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

शुक्रवारी सईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी घरात उभी राहून मोठ्यानं सांगितलं. हे देवघरात गेले आणि दिवा लावला, भर दुपारी.

आज सकाळी मी निघाले तर आदर्श गाडीवर बसलेला. बस म्हणाला, सोडतो. मी बसले. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा पुढं बघतच म्हणाला, "आई, त्येंनी चर्चमुळं न्हाय मोडलं."

मी विचारलं, मग?

"पूर्णिमाची आजी म्हनली, आईनं खरं सांगितलं. पर पोरगा सगळं ठावं असून गप बसला. अशा पोराला आमची पोरगी न्हाय." सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. "पूर्णिमाबी त्येच इचारती रोज. का गप बसलास म्हनून."

मी विचारलं, तू काय सांगतोस? त्यानं गाडी पुढं काढली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

चर्चच्या गेटपाशी त्यानं गाडी बंद केली. आत गाणं सुरू झालेलं ऐकू येत होतं. मी उतरले, पदर सावरला. आत ये म्हटलं नाही, त्याचं त्यानं ठरवावं. तो हँडलवर हात ठेवून बसून राहिला.

"बारसं कवा हाय?" त्यानं विचारलं. "सुट्टी टाकावी लागंल मला."

"टाक," मी म्हटलं, आणि आत गेले.